गाडग्यातली सहा नाणी आणि सातवे नाणे

भूम तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी सात नाण्यांची छायाचित्रे पाठवली आहेत. त्यांच्या चुलत्यांचे जुने माळवदाचे घर पाडून घरकुलाचा पाया खणताना जेसीबीच्या दातात एक गाडगे फुटले आणि चांदीची नाणी मातीत विखुरली. त्यातली बरीचशी त्याच दुपारी भावकीत वाटली गेली, आणि आठवडाभराने सात नाणी शिक्षकांच्या हाती लागली. तालुक्याच्या सराफांनी 'ही निजामाची चांदी' असे सांगून मोडीचा भावही काढून दिला. नाणी नक्की कोणाची, ती ओळखायची कशी, नोंद कशी ठेवायची आणि ठेवून घेतली तर कायद्याची अडचण येते का, असे शिक्षकांचे प्रश्न आहेत. मराठवाड्यात सापडलेली नाणी पाहण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. आधी निष्कर्ष सांगतो: सातपैकी सहा नाणी निजामाची नाहीत, ती निजामाच्या राज्याहून तीनचारशे वर्षांनी जुनी आहेत, आणि सातवे नाणे बहुधा त्या गाडग्यातले नाहीच. हे सातवे नाणेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याच्याकडे शेवटी येऊ.

सर्वांत आधी हात आवरायला हवा. छायाचित्रांतील तीन नाण्यांवर हिरवट काळा थर आहे, आणि दोन नाणी एकमेकांना चिकटलेली दिसतात. हा थर 'घाण' समजून लोक चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पूड, आणि सराफाकडे गेले तर तेजाबही वापरतात. चांदीत मिसळलेल्या तांब्याला गंज चढून ही हिरवी साय येते, आणि कित्येकदा त्या सायीतच नाणी गुंडाळलेल्या कापडाची वीण उमटलेली असते. नाणी पुरचुंडीत होती की सुटी होती, याचा तेवढाच पुरावा मागे उरतो. घासलेले नाणे चकाकते खरे, पण त्याचे वजन घटते, अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि ठसाच झिजलेला होता की नाणे वापरात झिजले, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. चिकटलेली नाणी नखाने किंवा सुरीने सोडवू नका. कसोटीवर ओढू देऊ नका. प्रत्येक नाणे वेगळ्या साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा. मऊ प्लास्टिकच्या पिशव्या, रबर, चिकटपट्टी आणि वर्तमानपत्राचा कागद चांदीला सोसत नाही. आणि गाडग्याची खापरे फेकून दिली असतील तर आजच आवारात जाऊन ती गोळा करा, विशेषतः तोंडाकडचा, काठाचा तुकडा, कारण मडक्याच्या काठावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो.

आता कायद्याचे सांगतो, कारण ते लांबणीवर टाकता येत नाही. जमिनीत किंवा जमिनीला पक्क्या जोडलेल्या वास्तूत, म्हणजे भिंतीत वा पायात, लपवलेली मूल्यवान वस्तू सापडली तर तिला १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम लागू होतो. मूल्य दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते: काय सापडले, किती, कोठे, कोणत्या तारखेला. सापडलेला ऐवज जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावा लागतो, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी लागते. दहा रुपयांची ही मर्यादा १८७८ सालची आहे. आज चांदीचे एक नाणेही तिच्या कितीतरी पुढे जाते. त्यानंतर जिल्हाधिकारी अधिसूचना काढतात, आणि ती निघाल्यापासून चार महिन्यांच्या आधी नाही व सहा महिन्यांच्या नंतर नाही, अशा तारखेला दावेदारांची सुनावणी ठेवतात. निधी बेवारस ठरला आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला मिळतो. सरकारला तो संग्रहासाठी घ्यायचा असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देऊन घेता येतो. न कळवणाऱ्याला मात्र एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि त्याचा वाटाही जातो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, तेव्हा ते परदेशी धाडण्याचा विषयच नको.

भावकीत वाटणी झाली आहे हे मला समजते, आणि ती परत मागणे गावात किती अवघड असते तेही मी पाहिले आहे. तरीही एका बैठकीत सर्वांना बोलावून, 'नाणी जप्त होतील' या भीतीऐवजी 'कळवले तर वाटा कायद्याने मिळतो, लपवले तर तोही जातो' हे समजावून सांगितले तर बहुतेक घरांतून नाणी परत येतात. तलाठी आणि पोलीस पाटील यांना बरोबर घ्या, पण अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करा आणि पोच घ्या. पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय कार्यालयालाही त्याची प्रत द्या.

आता ओळख. नाणे हाती आले की लोक आधी त्यावरचे नाव वाचू पाहतात. माझी सवय उलटी आहे: आधी वजन, मग जाडी आणि कड, मग लेखाची मांडणी, आणि नाव सर्वांत शेवटी. वजन खोटे बोलत नाही असे म्हणणार नाही, पण ते निदान चुकीचे दरवाजे बंद करते. मध्ययुगीन टंका, म्हणजे सुलतानांचे चांदीचे नाणे, सुमारे ११ ग्रॅमचा, म्हणजे तोळ्याला थोडा कमी. शेरशहाने पाडलेला आणि पुढे मुघलांनी चालवलेला रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा. महंमद तुघलकाचे 'अदली' नावाचे चांदीचे नाणे नऊ ग्रॅमच्या आसपास. ब्रिटिशांचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्याच्या कडेला यंत्राने पाडलेल्या बारीक खाचा असतात. आदिलशाहीतील दाभोळची लारी तर गोलही नसते; ती पाच ग्रॅमहून थोडी कमी वजनाची, केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली चांदीची तार असते, आणि ती पाहून लोकांना कुठल्याशा दागिन्याचा तुटका आकडाच वाटतो.

वजनाचा उपयोग किती, याचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात मला नाणी पाहायला मिळाली नाहीत, फक्त पंचनामा वाचायला मिळाला. त्यात 'चांदीसारख्या पांढऱ्या धातूची गोल नाणी, नग ९३, वजन १ किलो ४ ग्रॅम, त्यावर उर्दू अक्षरे' एवढेच लिहिले होते. भागाकार केला तर सरासरी १०.८ ग्रॅम येते. रुपयांचा ढीग असता तर झीज धरूनही सरासरी सव्वाअकराच्या आसपास राहिली असती; म्हणजे गोणपाटात मोहोरबंद पडलेला तो ऐवज बहुधा टंक्यांचा होता. एवढे सांगता आले, पुढचे काहीच नाही. 'उर्दू अक्षरे' या दोन शब्दांत कोणते राजे, कोणत्या टांकसाळी आणि कोणती साले कोंडली गेली, हे सांगायला आज कोणी नाही.

शिक्षकांनी सराफाच्या काट्यावर सहांपैकी सुट्या चार नाण्यांची वजने घेतली आहेत: १०.४२ पासून १०.९१ पर्यंत. म्हणजे ती टंक्यांची आहेत. सातवे ११.३८. येथेच पहिली शंका यायला हवी होती.

चांदी खरी की मुलामा, हे तेजाबाशिवाय पाहायची एक युक्ती गावातही करता येते. शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, आणि नाणे बारीक दोऱ्याला बांधून पेल्याच्या तळाला वा कडेला न टेकवता पाण्यात बुडते सोडा. काटा जेवढे दाखवील तेवढे पाणी नाण्याने बाजूला सारले. १०.८६ ग्रॅमचे नाणे १.०४ दाखवील तर भागाकार १०.४४ येतो, आणि शुद्ध चांदीचा आकडा सुमारे १०.५ आहे. तेच नाणे १.२० दाखवू लागले तर भागाकार नऊच्या आसपास उतरतो, म्हणजे आत तांबे आहे. काट्यातील एका शंभरांशाच्या फरकाने उत्तर हलते, म्हणून यावरून चांदीचा कस काढू नका. चांदी आणि मुलामा वेगळे करण्यापुरतीच ही रीत आहे. आणि चिकटलेल्या किंवा साय धरलेल्या नाण्यावर ती करू नका.

यानंतर लेख. पहिली अडचण अशी की ठसा मोठा असे आणि चकती लहान, त्यामुळे लेखाचा एखादा भाग नाण्याच्या बाहेरच जातो, आणि तो नेमका टांकसाळीचा व सालाचा असतो, कारण ही दोन्ही बहुधा काठाला कोरलेली असत. दुसरी अडचण वाचणाऱ्याची. गावातील उर्दू शाळेचे गुरुजी किंवा मौलवी मदत करतात आणि त्यांची मदत जरूर घ्यावी, पण ते नेहमीच्या सवयीने वरच्या ओळीपासून वाचू लागतात आणि अडखळतात. नाण्यावरील अक्षरे एकमेकांवर रचलेली असतात, आणि मुघल रुपयांवर तर वाक्य बऱ्याचदा खालच्या ओळीतून वरच्या ओळीत जाते. शिवाय ठसे कोरणारे कारागीर नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गाळत. नुक्ते गेले की अरबीतील 'सब' म्हणजे सात आणि 'तिस' म्हणजे नऊ हे दोन शब्द जवळजवळ एकच दिसतात: दातऱ्यांची एक ओळ आणि शेवटी ऐन या अक्षराचे वळण. खलजी नाण्यांवर साल शब्दांत लिहिले जाते, आधी एकक, मग दशक, मग शतक. त्यामुळे तेथे ही चूक झाली तर दोन वर्षांची होते. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका नाण्याची नोंद अशीच दोन वर्षे पुढची केली होती, आणि ती माझ्याच हस्ताक्षरात अजून वहीत आहे.

अंकांत लिहिलेल्या सालाचा घोळ वेगळा. मराठी माणसाच्या डोळ्याला तेथे तीन फसवणुकी होतात. गोल वाटोळा दिसतो तो शून्य नसून पाच असतो, आणि खरे शून्य म्हणजे नुसता ठिपका, जो झिजून सहज जातो. आपल्या 'एक'सारखा दिसतो तो नऊ असतो. आणि सात व आठ ही एकाच कोनाची दोन रूपे आहेत, वर उघडा तो सात, खाली उघडा तो आठ. म्हणजे नाणे उलटे धरले की शतक बदलते. म्हणून आधी अक्षरांवरून नाणे सुलटे झाल्याची खात्री करा आणि मगच अंक वाचा. हिजरी साल मिळाले की त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकाने येतो.

आता शिक्षकांच्या सहा नाण्यांकडे. त्यांतील सर्वांत झिजलेले नाणे अलाउद्दीन खलजीचे आहे. येथे नवख्याची हमखास चूक होते, कारण त्यावर वाचायला मिळते ते 'महंमद शाह'. अलाउद्दीन हा त्याचा किताब, तो 'अला-उद-दुनिया-वद-दीन' असा वरच्या ओळीत येतो, आणि नाव महंमद शाह असे खाली. नाव तेवढे वाचून काहीजण त्याला महंमद तुघलक करून टाकतात. दुसऱ्या बाजूला 'सिकंदर-उस-सानी', म्हणजे दुसरा सिकंदर, हे शब्द आहेत, आणि भोवती काठाला टांकसाळ व साल देणारा लेख असतो, त्यात 'चांदी' अशा अर्थाचा 'फ़िज़्ज़ा' हा शब्द येतो. आपल्या नाण्यात 'फ़िज़्ज़ा'चा शेवट आणि पुढे 'दिहली'चा अर्धा भाग दिसतो, साल गेले आहे. तेव्हा 'दिल्ली, साल कटलेले' एवढेच लिहा. १२९६ ते १३१६ हा त्याचा काळ. यापुढे जाऊन अंदाजाने साल लिहू नका.

दुसरे नाणे पाहून मला खरोखर आनंद झाला. लेख जवळजवळ तसाच, 'सिकंदर-उस-सानी' तेच, 'अला-उद-दुनिया-वद-दीन' तेच, पण खालच्या ओळीत 'महंमद शाह'ऐवजी 'बहमन शाह'. १३४७ साली दौलताबादला दिल्लीविरुद्ध उभ्या राहिलेल्या हसनाने स्वतःच्या नावाने नाणे पाडले तेव्हा घडण त्याच अलाउद्दीनाची घेतली, ज्याने १२९६ साली देवगिरीवर पहिली चाल केली होती. लोकांचा हात ज्या नाण्याला सरावला होता तेच रूप पुढे चालवणे राज्यकर्त्याला सोयीचे पडत असे. वर्गात बहमनी राज्याची स्थापना शिकवताना ही दोन छायाचित्रे शेजारी ठेवावीत, असे शिक्षकांना सुचवतो.

उरलेली चार बहमनी घराण्याची आहेत. दोन चिकटलेली असल्याने त्यांची एकेक बाजूच दिसते, त्यांना सध्या 'बहमनी, राजा अनिश्चित' म्हणा. बाकीच्या दोहोंवर चौकटीत 'ताज-उद-दुनिया-वद-दीन' आणि 'फिरोज शाह' स्पष्ट आहे. हा १३९७ ते १४२२ या काळातील फिरोजशहा बहमनी. चौकटीबाहेर टांकसाळ येते. एका नाण्यावर 'हजरत'चा शेवट आणि 'अहसना' एवढे आहे, दुसऱ्यावर 'नाबाद'. दोन छायाचित्रे शेजारी ठेवली की 'हजरत अहसनाबाद', म्हणजे गुलबर्गा, पूर्ण होते. ही जोडाजोड करताना मात्र नोंदीत प्रत्येक नाण्यावर प्रत्यक्ष जेवढे दिसते तेवढेच लिहायचे, आणि जोडून आलेले वाचन वेगळ्या रकान्यात. एकावर साल आहे: कोन खाली उघडा तो आठ, मग ठिपका, मग कोन वर उघडा तो सात. हिजरी ८०७, म्हणजे १४०४-०५.

येथे मराठवाड्यातील चांदीविषयी एक निरीक्षण सांगतो, म्हणजे 'निजामाची' ही चिठ्ठी कशी चिकटते ते कळेल. आपल्या भागात जुनी चांदी दोन लाटांत येते. पहिली खलजी, तुघलक आणि सुरुवातीच्या बहमनींचे टंके, दुसरी मुघलांचे रुपये. मधल्या काळात, विशेषतः निजामशाहीत, रोजच्या व्यवहाराचे नाणे तांब्याचे. परांडा, दौलताबाद अशा ठिकाणचे फुलूस शेतात सापडतात ते याच काळातले. यादवांचे प्रसिद्ध नाणे सोन्याचे, पद्मटंक. आता अडचण अशी की अहमदनगरची निजामशाही आणि हैदराबादचा निजाम या दोन वेगळ्या गोष्टी लोकांच्या बोलण्यात एक होतात, आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या मुलखात फारसी अक्षरांचे प्रत्येक नाणे 'निजामाचे' ठरते. हैदराबादचा चारमिनारचा छाप असलेला हाली सिक्का यंत्राचा, काठाला नीट, आणि विसाव्या शतकातला. त्याचा या सहा नाण्यांशी संबंध नाही. तशीच गल्लत तुघलकाच्या पितळी नाण्यांची होते. हिजरी ७३० ते ७३२ या काळात त्याने चांदीच्या टंक्याच्या जागी पितळ-तांब्याची नाणी चालवली, त्यांपैकी काही दौलताबादला पाडली. ती घासून पिवळी झाली की सोने सापडल्याची बातमी पंचक्रोशीत पसरते.

आणि मग मागे येतो तो गुप्तधनवाला. हा विषयाला धरूनच आहे. हंडा निघाला अशी वावडी उठली की पायाळू माणूस, अमावास्या, उतारा यांचे सल्ले सुरू होतात, आणि लोक रातोरात घर उकरतात. गुप्तधनाच्या नावाने केल्या जाणाऱ्या अघोरी प्रकारांना २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागू होतो. शिवाय अशा खणण्यात पांढरीतील, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतील, थरांचा जो नाश होतो तो एखाद्या गाडग्याने भरून निघत नाही. म्हणून जागेचा नेमका पत्ता शासकीय नोंदीत पूर्ण द्या, पण समाजमाध्यमांवर टाकू नका. तेथे तालुक्याचे नाव पुरे.

नोंद कशी करावी, याचा छापील नमुना मी मुद्दाम देत नाही, कारण नमुना दिला की लोक रकाने भरतात आणि जे रकान्यात बसत नाही ते टाकून देतात. एक शंभर पानी वही घ्या. पहिल्या दोन पानांवर सापडण्याची हकीकत लिहा: तारीख, वेळ, जेसीबी कोणी चालवला, गाडगे पहिल्यांदा कोणी पाहिले, गट नंबर किंवा मिळकत क्रमांक, जमिनीपासून किती हात खाली, माती पांढरी होती की मुरूम, गाडगे भिंतीच्या आत होते की पायाखाली, तोंडावर झाकण वा दगड होता का, आत कापड होते का. मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, तेही टिपा. त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाला वेगवेगळे विचारा आणि त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहा. एकत्र विचारले की सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाची हकीकत सर्वांची होते.

पुढे प्रत्येक नाण्याला एक पान. क्रमांक, कोणाच्या घरातून आले, वजन शंभरांश ग्रॅमपर्यंत, व्यास मिलिमीटरमध्ये दोन ठिकाणी मोजून, दोन्ही बाजूंवर दिसणारी अक्षरे, कटलेला भाग कोठे, सराफांनी पारखताना मारलेल्या खुणा किती. दोन ठशांची परस्पर दिशाही नोंदवा: पुढची बाजू सुलटी धरून नाणे उभ्या अक्षावर, पुस्तकाच्या पानासारखे फिरवा, आणि मागच्या लेखाचा माथा घड्याळातील कोणत्या आकड्याकडे येतो ते लिहा. छायाचित्र खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असे, फ्लॅशशिवाय, काळ्या कापडावर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. पाठवलेल्या छायाचित्रांत नाणी तळहातावर आहेत आणि वरून फ्लॅश आहे, त्यामुळे चिकटलेल्या जोडीवरील लेख पांढऱ्या झगझगाटात गेला आहे. तेवढी दोन पुन्हा काढून पाठवा. वाचन अडले तर नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, तेथील अभ्यासकांना अशी छायाचित्रे दाखवता येतात.

आता सातवे नाणे. तो औरंगजेबाचा रुपया आहे. पुढच्या बाजूला 'बद्र-ए-मुनीर' म्हणजे तेजस्वी पूर्णचंद्र हे शब्द असलेली फारसी द्विपदी. सोन्याच्या मोहरेवर याच ठिकाणी चंद्राऐवजी सूर्य येतो. त्याच्याआधीच्या शहाजहानच्या रुपयावर कलिमा, म्हणजे इस्लामचे श्रद्धावाक्य, असे, औरंगजेबाने तो नाण्यावरून काढला, म्हणून एवढ्यावरूनही पिढी कळते. मागे टांकसाळ 'खुजिस्ता बुनियाद', म्हणजे आपले औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. हिजरी १११२ आणि राज्यवर्ष ४५. त्याची राज्यवर्षे हिजरी १०६८ च्या रमजानपासून मोजली जात, त्यामुळे १११२ या सालात ४४ आणि ४५ ही दोन्ही वर्षे येऊ शकतात. हिशेब जुळतो, वाचन बरोबर आहे.

नाणे अस्सल आहे, प्रश्न आहे तो ते कोठे होते याचा. साठा कधी पुरला हे त्यातील सर्वांत नव्या नाण्यावरून ठरते, कारण जुने नाणे नव्या काळात चालू शकते, पण नवे नाणे जुन्या काळात नसते. सातवे नाणे गाडग्यातले धरले तर गाडगे १७०१ नंतर कधीतरी पुरले गेले. न धरले तर सध्या हाती असलेल्या नाण्यांपुरती ती मर्यादा १४०४-०५ येते, म्हणजे फिरोजशहाच्या काळात किंवा त्यानंतर लवकरच. एका नाण्याने तीन शतकांचा फरक पडतो. (आणि १४०४-०५ म्हटले की लगेच त्याच सुमाराच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाशी सांगड घालण्याचा मोह होतो. भावकीत गेलेली नाणी परत येऊन त्यांची साले वाचली जाईपर्यंत तो आवरलेला बरा.)

कायद्याच्या दृष्टीनेही हा फरक पोकळ नाही. निधी बेवारस ठरवताना, तो गेल्या शंभर वर्षांत हजर दावेदाराने किंवा त्याच्या पूर्वजाने लपवला असण्याचा संभव आहे का, हे पाहिले जाते. रझाकारांच्या धामधुमीत, १९४७-४८ मध्ये, या भागातील कित्येक घरांनी आपली चांदी भिंतीत नि चुलीखाली पुरली. त्यात आजीच्या माळेतला मुघल रुपयाही असू शकतो. तेव्हा हे नाणे गाडग्यातले असेल तर 'हा आमच्या घराचाच ठेवा' असे म्हणायला चुलत्यांना जागा मिळते. नसेल तर मिळत नाही. म्हणून ते कोणाच्याही सोयीने आत ढकलू नये आणि बाहेरही काढू नये.

छायाचित्र मोठे करून मी जे पाहिले ते सांगतो. सहा नाण्यांच्या अक्षरांत मातीचे कण आणि कमीअधिक हिरवी साय आहे. सातव्यावर साय नाही; ते एकसारखे गुळगुळीत झिजले आहे, जसे अंगावर वर्षानुवर्षे घासून झिजते. काठाला बाराच्या आकड्याजवळ राखाडी डाग आहे, तेथे डाख लावून कडी बसवलेली होती आणि नंतर ती मोडली. आणि मागच्या बाजूच्या एका खाचेत लालसर काही बसले आहे, ते मातीचा रंग नसून कुंकू असावे असे मला वाटते. यावरून माझा कौल असा की हे नाणे माळेतले, आणि वाटणीच्या गोंधळात किंवा परत देताना कोणाच्या तरी हातून इतरांत मिसळले. पण हा छायाचित्रावरून दिलेला कौल आहे, आणि घरातील माणसांची साक्ष त्याहून मोलाची ठरेल. हे नाणे आपल्याला कोणत्या घरातून मिळाले ते आधी पाहा, आणि त्या घरातील सर्वांत वयस्क बाईंना, पुरुष मंडळी समोर नसताना, एवढेच विचारा की त्यांच्या सासूच्या गळ्यात रुपयांची माळ होती का आणि तिचे नग नंतर कोणाकोणाकडे गेले. त्या जे सांगतील ते नाणे क्रमांक सातच्या पानावर तसेच्या तसे लिहा, तारीख घाला, आणि अर्जासोबत त्या पानाची प्रत जोडा.